चिलखती अनडेड (हाऊस रूल)

चिलखती अनडेड म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधले मेलेले पण चालते-फिरते मॉन्स्टर, सांगाडे, झॉम्बी वगैरे, ज्यांच्या अंगावर डीएमने (डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) नीट चिलखत चढवलंय. पुस्तकात हे गडी बहुतेक उघडेच येतात नाहीतर अंगावर नावाला काहीतरी लोंबत असतं, म्हणून मग प्रत्येक टेबलावर आपापला नियम केला जातो, तोच हाऊस रूल. इथले आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे म्हणजे 2014 चे आहेत, दुसऱ्या गेममध्ये आकडे बदलतील पण भानगडी साधारण ह्याच.

सांगाड्याचा एसी (म्हणजे आर्मर क्लास, वार लागायला गाठायचा आकडा) 13, त्यात मुळातले 10, डेक्स्टेरिटीचे (चपळाईचे, थोडक्यात डेक्स) 2 आणि चिलखताच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा 1. हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) पण 13, आणि गदा-हातोड्यासारख्या ठेचणाऱ्या हत्याराचा मार त्याला दुप्पट बसतो. झॉम्बीचा एसी फक्त 8 कारण डेक्स -2, पण हिट पॉइंट 22. आता सगळ्यात पहिला सुचणारा उपाय म्हणजे दोघांना चेनमेल (कड्यांचं जड चिलखत) घाला, एसी 16, झालं काम. पण सांगाडा 3 ने वाढला आणि झॉम्बी सरळ 8 ने! कारण जड चिलखतात डेक्स धरतच नाहीत, म्हणजे झॉम्बीचा जो मंदपणा तुम्हाला वार करायला संधी देत होता तोच चिलखताने गिळून टाकला. पहिल्या लेव्हलचा फायटर वीस बाजूंच्या फाशात साधारण +5 मिळवून वार करतो, त्याचा वार उघड्या झॉम्बीला 90 टक्के वेळा लागतो, चेनमेलवाल्याला 50 टक्के, आणि प्लेट घातली (पत्र्याचं पूर्ण चिलखत, एसी 18) तर 40. त्यात झॉम्बीला अनडेड फोर्टिट्यूड आहेच, शून्यावर आला तरी कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (चिवटपणाचा बचावाचा फासा) जमला तर 1 हिट पॉइंटवर उभाच राहतो, रेडिएंट (दैवी प्रकाशाच्या) डॅमेजने किंवा क्रिटिकलने (फाशावर 20 पडलेल्या वाराने) पाडला तरच हा सेव्ह मिळत नाही. म्हणून नुसता एसी वाढवून लढाई थरारक होत नाही, लांबते, आणि चौथ्या राउंडला पण "मिस, मिस, मिस" चाललं की निम्मं टेबल फोनमध्ये असतं.

ह्यातला अर्धा इलाज नियमातच आहे पण लोक विसरतात. चेनमेलला स्ट्रेंग्थ 13 लागते, प्लेटला 15. सांगाड्याची स्ट्रेंग्थ 10, म्हणजे चेनमेल घातल्यावर त्याचा स्पीड 30 फुटांवरून 20 वर यायला हवा. झॉम्बीची 13 आहे, चेनमेल चालतं, पण प्लेटमध्ये त्याचा मुळातला 20 चा स्पीड 10 होतो. शिवाय दोन्ही चिलखतांत स्टेल्थला (लपूनछपून जायला) डिसअ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी पडेल तो धरायचा. हे लावलं की आपोआप मस्त मॉन्स्टर तयार होतो, लांबून खणखणाट ऐकू येतो, पळून जाता येतं, पण बोळात सापडलात तर खैर नाही.

दुसरा प्रचलित हाऊस रूल म्हणजे एसीला हातच लावायचा नाही, चिलखताने प्रत्येक वारातले 3 पॉइंट खायचे. ह्याला जुनी परंपरा आहे, 3.5 आवृत्तीत (2003) सांगाड्याला ठेचणारं हत्यार नसेल तर आणि झॉम्बीला कापणारं नसेल तर 5 डॅमेज कमी व्हायचा. हिशोब असा की छोट्या तलवारीचा सरासरी 6.5 चा वार 3.5 वर येतो आणि ग्रेटस्वोर्डचा 10 चा 7 वर, म्हणजे दोन हातात दोन छोटी हत्यारं घेऊन खेळणारा बिचारा भरडला जातो, हे आधी सांगून ठेवावं. सांगाड्याच्या बाबतीत आधी 3 वजा करायचे आणि मग दुप्पट, हा क्रम मूळ नियमांशी पण जुळतो. त्यामुळे गदा (सरासरी तीही 6.5) अजूनही 7 मारते, वार वाया जात नाही.

तिसरा म्हणजे चिलखत फुटण्याचा नियम, आणि मला विचाराल तर हाच सगळ्यात भारी. क्रिटिकल बसला किंवा एका ठेचणाऱ्या वारात 10 च्या वर डॅमेज झाला की एसी 1 ने कमी, मूळ आकड्यापर्यंत. खेळणाऱ्याला दिसतं की आपण काहीतरी फोडतोय, आणि शेवटी शेवटी लढाई आपोआप वेग घेते. फक्त कोणाचं किती फुटलं हे लिहून ठेवायचा कंटाळा असेल तर चारच्या वर चिलखतवाले आणू नका.

क्लेरिकचं (देवाच्या पुजाऱ्याचं) गणित वेगळंच. त्याच्या सेक्रेड फ्लेम ह्या स्पेलला एसीशी काही घेणंदेणं नाही, समोरच्याने डेक्स सेव्ह करायचा, आणि झॉम्बीचा डेक्स चिलखताच्या आत तितकाच वाईट. ड्रुइड आणि बार्डचा हीट मेटल स्पेल तर चिलखतवाल्यांसाठीच बनल्यासारखा, 2d8 (आठ बाजूंचे दोन फासे) फायर, आणि मढं चिलखत काढणार कसं? पण एक खाच आहे. डीएमसाठीच्या गाईडमध्ये एसी दोनने वाढला की डिफेन्सिव्ह चॅलेंज रेटिंग (मॉन्स्टर किती अवघड त्या आकड्यातला बचावाचा भाग) एकने वाढतं, आणि कोणी ते मनावर घेऊन चिलखती झॉम्बीला 1/4 वरून 1 वर नेलं तर पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकचं डिस्ट्रॉय अनडेड, जे 1/2 पर्यंतच्याच मॉन्स्टरला भस्म करतं, त्याच्यावर चालेनासं होतं, ते थेट आठव्या लेव्हलला चालतं. म्हणजे लोखंडामुळे देवाची ताकद कमी पडली! रेटिंग एक्सपीसाठी (अनुभवाच्या गुणांसाठी) वाढवा हवं तर, ह्या फीचरसाठी जुनंच धरा.

डेथ नाइटला, म्हणजे मेल्यावरही लढणाऱ्या चिलखती सरदाराला, ह्यात ओढू नये. तो 1981 पासून गेममध्ये आहे, प्लेट आणि ढालीसकट एसी 20, हिट पॉइंट 180, रेटिंग 17, त्याला हाऊस रूलची गरज नाही. अ‍ॅनिमेटेड आर्मर पण वेगळं, ते आतून रिकामं कन्स्ट्रक्ट (जादूने चालणारी वस्तू), टर्न अनडेड (क्लेरिकची अनडेड पळवून लावायची ताकद) त्याच्यावर चालतच नाही, आणि नवखे क्लेरिक इथे हमखास फसतात.

खरी डोकेदुखी खेळणारा स्वतः नेक्रोमॅन्सर (मढी उठवणारा जादूगार) असला की. अ‍ॅनिमेट डेडने उठवलेल्या सांगाड्यांना चिलखत घालायला स्पेलमध्ये कुठेच मनाई नाही आणि चेनमेल 75 सोन्याच्या नाण्यांत मिळतं. बरीच टेबलं इथे प्रोफिशियन्सी (चिलखत वापरायचा सराव) नाही म्हणून वार करताना डिसअ‍ॅडव्हांटेज लावतात, आणि मग खेळणारा बरोबर विचारतो की डीएमच्या सांगाड्यांना का नाही. सगळ्यांना एकच नियम लावणं बरं. पडलेल्यांची चिलखतं काढून विकायचा बेत मात्र पुस्तकानेच आधी हाणून पाडलाय, मॉन्स्टरची हत्यारं-चिलखतं क्वचितच विकण्याच्या लायकीची असतात असं तिथे सरळ लिहिलंय.