ब्राह्मणवेलची पाती आणि होडीचं शीड

नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी ‘तारिणी’ ही शिडाची नौका घेऊन 2 ऑक्टोबर 2024 रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 29 मे 2025 रोजी गोव्यातच परतल्या. ही बातमी जळगावात चहाच्या टपरीवर चर्चेला आली, तेव्हा एकानं विचारलं, “समोरथीन वारा उना ते मंग?” प्रश्न फर्मास होता. उत्तर मात्र मिळालं ते असं : “मग इंजिन लावत असतील.”

नाही लावत. समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या जिवावर होडी तो वारा जिकडून येतो तिकडेच पुढे सरकते. अगदी नाकासमोर नाही, पण वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन करून, आधी डावीकडे, मग उजवीकडे, अशी नागमोडी. 10 किलोमीटरच्या अंतराला 14 किलोमीटर पडतात, पण पोचता येतं.

आपल्या डोक्यात शीड म्हणजे वारा भरलेलं पोतं असतं. वारा मागून ढकलतो आणि होडी जाते. हे खरं असतं तर कुठलीच होडी वाऱ्यापेक्षा वेगानं जाऊ शकली नसती. नोव्हेंबर 2012 मध्ये नामिबियाच्या किनाऱ्यावर पॉल लार्सन यांनी ‘सेलरॉकेट 2’ ही होडी 500 मीटरवर सरासरी 65.45 नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे 121 किलोमीटरनं पळवली. हा वेग वाऱ्याच्या दुपटीहून जास्त होता.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथं पात्याच्या टोकाकडे बघा. चांगल्या चक्कीत ते वाऱ्याच्या सहा-सातपट वेगानं फिरतं, आणि फिरतं ते वाऱ्याला आडवं. नुसत्या ढकलण्यानं हे शक्य नाही. पातं वाऱ्याचा झोत वळवतं, आणि वळवलेली हवा उलट पात्याला रेटते. न्यूटनचा तिसरा नियम नववीत सगळ्यांनीच लिहिलेला असतो. शीड हे असंच पातं आहे, फक्त कापडाचं.

इथं एक राग काढून घेतो. फुगीर बाजूची हवा लांबचा रस्ता कापते आणि पलीकडच्या सोबतिणीला वेळेत गाठायला पळते, हे स्पष्टीकरण अजून बऱ्याच ठिकाणी शिकवलं जातं. ते चूक आहे. शीड म्हणजे पातळ कापड, त्याच्या दोन्ही बाजूंची लांबी सारखीच. तरीही एका बाजूची हवा वेगानं जाते आणि पलीकडच्या हवेच्या आधीच कडेला पोचते. कुणी कुणाला गाठायला पळत नाही. पुढच्या शिडाला दोन्हीकडून लोकरीचे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही धागे सरळ मागे उडत असले की झोत शिडाला धरून वळतोय. एखादा फडफडू लागला की दोर ओढा, सैल सोडा किंवा सुकाणू हलवा. महागड्या उपकरणाहून मला हे धागे जास्त विश्वासाचे वाटतात.

आता माझी आवडती गोष्ट. ती पाण्याखाली असते, म्हणून तिचे फोटो कुणी काढत नाही.

7 मीटर लांबीची, टनभर वजनाची, फायबरग्लासची हलकी यॉट घेऊ. आत दोन-तीन जणांची झोपायची सोय, छोटी शेगडी, 20 चौरस मीटर शीड. वारा सेकंदाला 5 मीटर, म्हणजे ताशी 18 किलोमीटर. होडी वाऱ्याशी 45 अंशांत सेकंदाला 2 मीटर वेगानं चाललीय. स्वतःच्या चालण्यामुळे होडीला वारा जास्त जोराचा आणि जास्त समोरून आल्यासारखा लागतो : वेग साडेसहा मीटर, कोन साधारण 33 अंश. शिडावरचं बल या भासमान वाऱ्याला जवळपास काटकोनात असतं. त्याचे दोन भाग केले, तर पुढे नेणारा भाग 25 किलोग्रॅम वजनाइतका भरतो आणि आडवा ढकलणारा भाग 58 किलोच्या आसपास.

म्हणजे वाऱ्याला होडी पुढे न्यायचीच नाहीये. त्याला ती किनाऱ्यावर आडवी नेऊन आपटायचीय!

ते थांबवते कील, म्हणजे तळाखाली पाण्यात उभं असलेलं न फिरणारं पातं. तिचं क्षेत्रफळ असतं एक चौरस मीटर, शिडाच्या विसाव्या भागाइतकं. तरी ती पुरते, कारण पाणी हवेच्या आठशेपट घन आहे. होडी नाकाच्या दिशेला अगदी तंतोतंत जात नाही, तीन-चार अंश तिरकी सरकते. तेवढ्या तिरकेपणामुळे पाणी कीलवर कोनात येतं, कील ते वळवते आणि ते 58 किलो उलट्या बाजूनं परत मिळतात. आडवी बलं अशी एकमेकांना खाऊन टाकतात, उरतात ते पुढचे 25 किलो. तापीकाठच्या टरबुजाची ओली बी दोन बोटांत दाबली की ती बोटांच्या दिशेनं जात नाही, सटकून भलतीकडेच उडते, तसं.

थांबलेल्या होडीची कील मात्र निकामी. पाणी वाहत नाही, तर वळवणार काय? म्हणून दिशा बदलल्यावर नवशिके लगेच वाऱ्याच्या फार जवळ नाक नेतात आणि आडवे वाहत जातात. आधी वाऱ्यापासून थोडं बाजूला वळून वेग घ्यावा, मग नाक वाऱ्याच्या जवळ न्यावं.

यॉट हलकी का हवी, तर पाण्यातून जाणारी होडी स्वतःच लाट तयार करते आणि त्याच लाटेच्या खड्ड्यात अडकते. पाण्याला टेकलेली लांबी 6 मीटर असेल तर ही मर्यादा ताशी 11 किलोमीटरच्या आसपास येते. जड होडी तिथंच गुरगुरत राहते. हलकी, सपाट बुडाची होडी जोराच्या वाऱ्यात स्वतःच्या लाटेवर चढून घसरू लागते. पण चार माणसं, पाण्याचे कॅन आणि आठवड्याचा शिधा चढवला की टनाची होडी दीड टनाची होते आणि हलकेपणासाठी मोजलेले पैसे पाण्यात जातात.

खान्देशात समुद्र नाही, तरी ही यॉट इथं अगदीच परकी नाही. समजा परवानगी मिळवून ती हतनूरच्या जलाशयात उतरवली. पश्चिमेचा वारा असेल तर धरणाकडून तापी-पूर्णेच्या संगमाकडे, चांगदेवाकडे, वारा पाठीशी राहील आणि परत येताना वरचं सगळं गणित कामाला येईल. कील वर उचलता येणारी घ्यावी, कारण गाळ भरपूर आणि उन्हाळ्यात पाणी उतरतं. गोड्या पाण्यात बुडाला समुद्रातल्यासारखे शिंपले धरत नाहीत, हा फायदा. समुद्रापेक्षा इथं होडी दोन-अडीच मिलिमीटर जास्त बुडेल, त्याची काळजी नको.

काळजी एप्रिल-मे महिन्यातल्या दुपारची करावी. जमीन तापून हवा वर उसळते आणि शांत पाण्यावर अचानक झोत येतात. शेतात याच वावटळी उठतात आणि त्यांत भूत असतं असं सांगणारे अजून भेटतात. भूतच असेल, तर त्याला तापलेली जमीनच का लागते, ते आमच्याकडे बारमाही का नाही, हे कुणी सांगत नाही. डोलकाठीला लिंबू-मिरची बांधूनही झोत अडत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. जड होडी हे थोडं पचवते, हलकी लगेच कलते. तेव्हा पाण्यावर दुरून गडद पट्टा सरकत येताना दिसला की तो पोचायच्या आत शिडाचा दोर सैल करावा, आणि वारा टिकणार असं वाटलं तर शीड थोडं खाली घेऊन त्याचा खालचा भाग बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याला, बांधून टाकावा.