परदेशी ‘स्पेशल’ गोळ्या : आमच्या परवानाधारक ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार. मोबाइलवर एखादा व्हिडिओ दाखवून “अंगात गेल्यावर फुटणारी ही गोळी मिळेल का?” असं विचारणारे ग्राहक हल्ली आमच्या नवी पेठेतल्या शस्त्रांच्या दुकानात येतात. काउंटरवर उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अपुरं पडतं, म्हणून हे पत्रक. चहा घेता घेता वाचा, पण पूर्ण वाचा.

सोलापुरात स्वसंरक्षणासाठी ज्यांच्याकडे हत्यार आहे, त्यांच्याकडे बहुतेक करून .३२ चं रिव्हॉल्वर नाहीतर पिस्तूल असतं. ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर (म्हणजे नळीचं माप), तो सामान्य नागरिकाला मिळत नाही. व्हिडिओतल्या बहुतेक करामती मात्र ९ एमएम किंवा त्याहून जोरदार काडतुसांच्या असतात. फरक इथूनच सुरू होतो.

पोकळ टोकाची गोळी अंगात शिरल्यावर टोकाशी पसरते, म्हणजे ‘उमलते’. उमलायला वेग लागतो. .३२ रिव्हॉल्वरची साधारण साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास जाते. या वेगाला पोकळ टोक उमलेलच याचा भरवसा नाही. उमललं तर गोळी आत शिरण्याची आधीच बेताची असलेली खोली आणखी घटते. जाड कपडा मध्ये आला तर टोकात चिंधी भरते आणि ती साध्या गोळीसारखीच वागते. मग जास्तीचे पैसे कशाचे मोजायचे?

ग्लेसर नावाची गोळी तांब्याच्या पातळ कवचात बारीक छरे भरून बनवतात. भिंतीपार जाऊन शेजाऱ्याला लागू नये हा तिच्यामागचा हेतू चांगला होता, पण छरे वरच्यावर विखुरतात, आत पोचत नाहीत. टोकात स्फोटक भरलेल्या गोळ्यांचा बोलबाला मोठा, आणि त्यांची परीक्षा साऱ्या जगासमोर झाली. ३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर .२२ च्या रिव्हॉल्वरमधून अशा सहा गोळ्या झाडल्या गेल्या. फुटली फक्त एक. रेगन यांना लागलेली गोळी गाडीवर आपटून आली आणि न फुटताच शरीरात राहिली. एका जखमी पोलिसाच्या मानेतली न फुटलेली गोळी पुढे काढताना तर डॉक्टरांच्याच जिवाला धोका होता. टेफ्लॉनचा लेप दिलेली गोळी चिलखत भेदते, हाही असाच गैरसमज. भेदायचं काम आतल्या कडक पितळेचं असतं. लेप असतो तो नळीची झीज कमी व्हावी म्हणून.

एप्रिल १९८६ मध्ये मायामीत एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेच्या माणसांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ एमएमची उमलणारी गोळी लागली. ती दंडातून छातीत गेली, पण हृदयाच्या अलीकडे थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला आणि त्या चकमकीत दोन एजंट मारले गेले. पुढे एफबीआयने चाचणीच्या जिलेटिनमध्ये (मांसाऐवजी वापरतात त्या घट्ट जेलीत) किमान १२ इंच खोली हा निकष धरला. चमत्कारापेक्षा खोली आणि नेम महत्त्वाचा, हे त्यांना फार महाग पडून कळलं.

आता कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे विषारी द्रव, वायू किंवा तसं काही भरलेला, अथवा भरता येईल असा बनवलेला दारूगोळा ‘प्रतिबंधित’ ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो नुसता जवळ बाळगण्याला किमान ७ आणि कमाल १४ वर्षांची कैद आहे. पाऱ्याची, विषाची, वायूची असली नावं कुणी गमतीनंही काढू नयेत.

साध्या काडतुसालाही परवाना लागतोच, आणि परवान्यावर लिहिलेला बोअर व संख्या हीच मर्यादा. काडतुसाचे सुटे भागसुद्धा कायद्याने दारूगोळाच. त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याला “एक डबी घेऊन ये” असं कृपा करून सांगू नका. आयातीचा परवाना नसताना बॅगेत काडतूस सापडलं तर विमानतळावर अडकेल तो पोरगा.

लेथवर गोळीचं टोक कापून ‘डमडम’ करून देणारे कारागीर भेटतात, असंही कानावर येतं. डमडम हे कोलकात्याजवळच्या कारखान्याचं गाव, मऊ टोकाच्या .३०३ गोळीला तिथूनच नाव पडलं आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात उमलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आणली. तो नियम युद्धाचा. आपल्याला लागू होतं ते शस्त्र अधिनियमाचं कलम ५ : परवान्याशिवाय दारूगोळ्यात बदल करणं हा गुन्हा, शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. शिवाय कापलेल्या गोळीचं शिसं बाहेर जाऊन कवच नळीतच अडकू शकतं. तसं झालं तर पुढच्या बाराला नळी तुमच्याच हातात फुटेल.

शेतकरी बांधव सापासाठी छऱ्याचं काडतूस मागतात. उसाच्या फडात रात्री पाणी द्यायला जाण्याची भीती आम्हाला कळते. पण नाग आणि घोणस दोघांनाही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे आणि तुमचा परवाना त्यासाठी नाही. गमबूट, बॅटरी आणि सर्पमित्राचा नंबर जवळ ठेवा.

तर घ्यायचं काय? आपल्याच हत्याराच्या नावाचं, कारखान्याच्या सीलबंद डबीतलं साधं काडतूस. खडकीच्या कारखान्याचं काडतूस वर्षानुवर्षं चालत आलंय. एक सावधगिरी मात्र हवी : पिस्तुलाचं .३२ आणि रिव्हॉल्वरचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्वरमध्ये बसतं, पण त्याचा दाब जास्त असतो आणि जुन्या रिव्हॉल्वरला तो झेपत नाही. खरेदीला येताना मूळ परवाना आणा. झेरॉक्सवर आम्ही देत नाही, ओळखीच्यांनाही नाही. उन्हाळ्यात डबी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. वाचलेले पैसे परवानगी असलेल्या रेंजवर सरावाला लावा.

आजोबांच्या ट्रंकेत अनोळखी, हिरवट पडलेली किंवा टोकाला रंग असलेली काडतुसं सापडली, तर ती घासू नका, उघडू नका, हत्यारात घालून पाहू नका. जिथे आहेत तिथेच ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. अर्ज कसा लिहायचा ते आम्ही सांगू, त्याचे पैसे नाहीत.