टॅव्हर्न आणि यँकी ओळख

टॅव्हर्न म्हणजे नुसता दारूचा गुत्ता नव्हे, हे आधी पक्कं लक्षात घ्यायला हवं. सतराव्या-अठराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन या अमेरिकेच्या ईशान्य पट्ट्यात, टॅव्हर्नमध्ये जेवण मिळायचं, रात्रीचा मुक्काम व्हायचा, घोड्याला चारा मिळायचा, टपाल यायचं, पेपर वाचले जायचे, लिलाव व्हायचे, कधीकधी कोर्टही तिथेच भरायचं, आणि हो, दारू मिळायची. आपल्या भाषेत चावडी, धर्मशाळा आणि गुत्ता एकाच छपराखाली. चौकस, पैशाला चिकट, व्यवहाराला पक्का आणि बोलायला तिरकस असा जो यँकी पुढे जगाला माहीत झाला तो बऱ्याच अंशी याच जागेत परक्यांच्या नजरेला पडला.

‘यँकी’ शब्दाचं मूळ बहुतेक अभ्यासक डच भाषेतल्या ‘यान’ या नावाच्या लाडक्या रूपात शोधतात, पण वाद अजून मिटलेला नाही. १७५८ मध्ये ब्रिटिश जनरल जेम्स वुल्फने न्यू इंग्लंडच्या सैनिकांना तुच्छतेने यँकी म्हटलेलं पत्रात सापडतं, म्हणजे शिवीच ती. ‘यँकी डूडल’ हे गाणंसुद्धा ब्रिटिश सैनिक त्यांना खिजवायला वाजवायचे आणि १७७५ मध्ये ब्रिटिशांविरुद्धची लढाई पेटल्यावर याच लोकांनी ते उचललं आणि अभिमानाने वाजवायला लागले. आज परदेशात सगळे अमेरिकन यँकी, अमेरिकेच्या दक्षिणेत सगळे उत्तरेकडचे यँकी, आणि उत्तरेत विचाराल तर फक्त न्यू इंग्लंडवाले. इथे तिसरा अर्थ धरलाय.

बॉस्टनमधलं पहिलं टॅव्हर्न सॅम्युअल कोलने १६३४ मध्ये काढलं. १६३९ मध्ये रिचर्ड फेअरबँक्सच्या टॅव्हर्नला समुद्रापलीकडची पत्रं घेण्या-देण्याची जागा ठरवलं गेलं, म्हणजे पोस्ट ऑफिसच झालं ते. प्युरिटन, म्हणजे तिथे वसलेले कडक धर्माचरणाचे प्रोटेस्टंट लोक, दारूच्या विरोधात होते असं आपण उगाच धरून चालतो, त्यांचा विरोध झिंगण्याला होता, पिण्याला नाही. त्यामुळे टॅव्हर्न हवं पण लायसन्स घेऊन, आणि वर डोळ्यात तेल घालून पहारा. जॉन जॉसलिन नावाचा इंग्रज प्रवासी लिहून गेलाय की बॉस्टनमध्ये कोणी परका टॅव्हर्नात शिरला की एक अधिकारी येऊन त्याच्या शेजारी बसायचा आणि याला आता पुरे असं त्याला वाटलं की त्यापुढे एक थेंब मिळायचा नाही. नोकर, शिकाऊ पोरं, काळे आणि मूळ रहिवासी यांना दारू द्यायला तर कायद्यानेच आडकाठी होती, म्हणजे ‘सगळ्यांची जागा’ हे वर्णन जपूनच वापरायला हवं.

प्यायचे काय तर सायडर (सफरचंदाची दारू), बिअर आणि मुख्य म्हणजे रम. वेस्ट इंडीजमधून काकवी यायची आणि न्यू इंग्लंडच्या भट्ट्यांमध्ये तिची रम व्हायची, आणि ती काकवी तिकडे गुलामांच्या कष्टातून निघायची हे विसरून चालणार नाही. ‘फ्लिप’ नावाचा एक प्रकार फार लाडका होता, बिअर, रम आणि साखर एकत्र करून त्यात लालभडक तापवलेली लोखंडी सळई बुडवायची, फेस वर आला की झालं तयार. दुसरा लाडका प्रकार पंच. हा शब्द आपल्याकडच्या ‘पाच’ वरून, पाच जिनसांचं म्हणून, गेला असं बरेच जण मानतात. तसं असेल तर बॉस्टनच्या टेबलावर आपलाही एक शब्द बसलेला होता.

आता प्रवाशांचं बघा. १७०४ मध्ये सारा केंबल नाइट ही बॉस्टनची बाई घोड्यावरून न्यूयॉर्कला निघाली आणि तिने रोजनिशी ठेवली, ती छापली गेली थेट १८२५ मध्ये. पहिल्याच रात्री मुक्कामाच्या ठिकाणी घरातल्या मोठ्या मुलीने, बसा म्हणायचं राहिलं बाजूला, एवढ्या रात्री तुम्ही इकडे कशा, एकट्या कशा, असे प्रश्नांवर प्रश्न विचारून तिला वैताग आणला. पुढे एका टॅव्हर्नात शेजारच्या खोलीतले पेताड ‘नॅरगॅन्सेट’ या तिथल्या प्रदेशाच्या नावाचा अर्थ काय यावर टेबल बडवत भांडत बसले, बाईंना झोप येईना, म्हणून मग उठून तिने रमलाच साकडं घालणारी कविता लिहिली की बाई, यांना एकदाचं झोपव. (नंतर या बाईंनी स्वतः कनेक्टिकटमध्ये लोकांना उतरवून घ्यायचा धंदा केला, हे मला फार आवडतं.)

या चौकसपणाचा सगळ्यात गाजलेला किस्सा बेंजामिन फ्रँकलिनचा, अँड्र्यू बर्नबी या इंग्रज पाद्र्याने १७७५ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात तो आहे. न्यू इंग्लंडच्या टॅव्हर्नात घरच्या प्रत्येकाने उलटतपासणी घेतल्याशिवाय जेवण मिळत नाही हे फ्रँकलिनच्या लक्षात आलं, म्हणून तो पोचल्या पोचल्या मालक, मालकीण, पोरं, गडीमाणसं सगळ्यांना एकत्र बोलवायचा आणि मी अमुक, छापखानेवाला, लग्न झालेलं नाही, बॉस्टनला नातेवाइकांकडे चाललोय, लवकरच परत जाणार, एवढंच मला माझ्याबद्दल माहितीये, आता माझ्यावर आणि घोड्यावर दया करा, असं एका दमात सांगून टाकायचा. गंमत म्हणजे फ्रँकलिन स्वतः जन्माने बॉस्टनचाच.

ब्रिटिश राज्याविरुद्धच्या अमेरिकन क्रांतीच्या काळात याच चौकसपणाला काम मिळालं. बॉस्टनचं ग्रीन ड्रॅगन टॅव्हर्न १७६४ मध्ये फ्रीमेसन या बंधुसंघाच्या एका लॉजने, म्हणजे शाखेने, विकत घेतलं होतं. १७७४-७५ च्या हिवाळ्यात पॉल रिव्हिअर (ब्रिटिश सैन्य येतंय हे सांगायला रात्री घोडा दामटणारा तो चांदीकाम करणारा) आणि तीसेक जण, बहुतेक कारागीर, ब्रिटिश सैन्यावर नजर ठेवायला तिथे जमायचे, हे रिव्हिअरने स्वतः लिहून ठेवलंय. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे लेक्सिंग्टनमध्ये सैन्य येतंय असा निरोप आल्यावर गावातले बरेच लोक बकमन टॅव्हर्नात वाट बघत बसले होते, ढोल वाजला तसे मैदानावर आले, सत्तरपेक्षा थोडे जास्त, आणि त्यातले आठ मेले. व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनला ग्रीन माउंटन बॉइज ही स्थानिक सशस्त्र टोळी ज्या टॅव्हर्नात जमायची तिथे खांबावर भुसा भरलेला प्यूमा, म्हणजे तिकडचं मोठं रानमांजर, होता, दात विचकलेले, तोंड न्यूयॉर्कच्या दिशेने, कारण जमिनीचं भांडण न्यूयॉर्कवाल्यांशी होतं. इतकी स्पष्ट पाटी दुसरीकडे कुठे बघितली नाही.

चहाचं पण सांगायला हवं, कारण ब्रिटिशांनी लावलेल्या कराच्या निषेधात लोक चहा टाकत होते. जुलै १७७४ मध्ये जॉन अॅडम्सने (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष) मेनमधल्या फाल्मथहून बायकोला लिहिलं की दिवसभर घोड्यावर बसून थकून आल्यावर मालकिणीला विचारलं, प्रामाणिकपणे स्मगल केलेला असेल, कर भरलेला नसेल, तर एक कप चहा चालेल का, तर ती म्हणाली आम्ही चहा सोडलाय, कॉफी करून देते. मग तेव्हापासून तो रोज दुपारी कॉफीच प्यायला.

साहित्यात यँकी आला तो ‘जोनाथन’ या नावाने. रॉयल टायलरच्या ‘द कॉन्ट्रास्ट’ या १७८७ च्या नाटकात जोनाथन नावाचा खेडवळ नोकर आहे, तो ‘यँकी डूडल’ गातो, आणि तिथून रंगमंचावरच्या यँकीची सगळी पिढी सुरू झाली. वॉशिंग्टन अर्व्हिंग या लेखकाच्या ‘रिप व्हॅन विंकल’ या गोष्टीत (१८१९) तर टॅव्हर्नची पाटीच सगळं सांगते. रिप झोपायच्या आधी डच गावातल्या खानावळीवर राजा तिसऱ्या जॉर्जचं चित्र असतं, वीस वर्षांनी उठून बघतो तर त्याच चेहऱ्याला निळा कोट आणि हातात तलवार, खाली जनरल वॉशिंग्टन, आणि खानावळीच्या जागी ‘युनियन हॉटेल’, मालक जोनाथन डूलिटल, म्हणजे नावावरूनच अस्सल यँकी. निवांत डच म्हातारे गेले आणि तिथे तावातावाने निवडणुकीवर बोलणारे लोक आले. अर्व्हिंगला हे नवं गिऱ्हाईक फारसं आवडलं नव्हतं हे वाचताना कळतंच. हॉथॉर्न या लेखकाच्या १८३८-३९ च्या गोष्टींत तर जुन्या इंग्रज गव्हर्नरांच्या वाड्यातच टॅव्हर्न झालेलं असतं आणि तिथे बसून जुन्या आठवणी निघतात.

मग गंमत उलटी फिरली. १८२६ मध्ये बॉस्टनमध्ये अमेरिकन टेम्परन्स सोसायटी (दारूविरोधी संस्था) निघाली आणि १८५१ मध्ये मेन हे संपूर्ण दारूबंदी करणारं पहिलं राज्य झालं. त्यामागे होता पोर्टलंडचा मेयर नील डाऊ, आणि पोर्टलंड म्हणजे जुन्या फाल्मथचाच तुकडा. रमवर वाढलेला यँकी आता दारू न पिणारा सभ्य प्रोटेस्टंट म्हणून मिरवायला लागला आणि दारू म्हटलं की बोट आयरिश, जर्मन स्थलांतरितांच्या सलूनकडे, म्हणजे दारूच्या अड्ड्यांकडे. रेल्वे आल्यावर घोडागाडीच्या रस्त्यावरची टॅव्हर्न ओस पडली.

ओस पडल्यावरच त्यांच्यावर प्रेम सुरू झालं. कवी लाँगफेलोने मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरीच्या हाऊ कुटुंबाच्या जुन्या टॅव्हर्नात गोष्टी सांगणारी मंडळी बसवली आणि १८६३ मध्ये ‘टेल्स ऑफ अ वेसाइड इन’ काढलं, रिव्हिअरच्या घोडदौडीची प्रसिद्ध कविता त्यात मालकाच्या तोंडी आहे. जागेचं नावच मग वेसाइड इन पडलं. १९२३ मध्ये ती हेन्री फोर्डने विकत घेतली, म्हणजे घोड्यांचा मुक्काम मोटारवाल्याने जपला. आणि पाट्या बघायच्या असतील तर कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डला साठपेक्षा जास्त टॅव्हर्नच्या पाट्यांचा संग्रह आहे, मालक बदलला की फळी तीच ठेवून वरून नवा रंग मारायचे, त्यामुळे काही पाट्यांवर नव्या नावाखालून जुनं नाव अजून अंधूक दिसतं.