दूरस्थ डेस्कटॉप जोडणी : खासगी जाळ्यातील दोषनिदान (खानदेशातील व्यवहाराच्या संदर्भात)

एका संगणकासमोर बसून दुसऱ्या संगणकाचा पडदा, कळफलक आणि माऊस वापरण्याची सोय. लेखी मराठीत ‘दूरस्थ’ व ‘सुदूर’ असे दोन्ही प्रतिशब्द आढळतात. बोलण्यात मात्र ‘रिमोट घेणे’ हाच प्रयोग आहे. जोडणी झाली नाही तर ‘रिमोट लागत नाही’ आणि अहिराणीत ‘रिमोट लागी नही राहिना’. ‘लागणे’ हे क्रियापद टेलिफोनवरून आले असावे, आणि ते निदानालाही सोयीचे पडते. नंबर बरोबर आहे का, रिंग जाते का, कोणी उचलते का, उचलणारा ओळख पटवून घेतो का, या क्रमाने पाहिले की बहुतेक दोष सापडतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत जिनिंगची कार्यालये, डाळ गिरण्या, केळीचे व्यापारी आणि त्यांचे कर सल्लागार यांच्यात ही जोडणी रोजच्या वापरातली आहे.

उगम : मूळ शोधताना काही लेखक डग्लस एंगलबार्ट यांच्या १९६८ च्या प्रात्यक्षिकापर्यंत, तर काही एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीपर्यंत जातात. पहिल्यात दोन ठिकाणचे लोक एकाच पडद्यावर काम करत होते, दुसऱ्यात दूरच्या यंत्रावरील एकेक खिडकी जवळ येत होती. अख्खे डेस्कटॉप दोन्हींत नव्हते. विंडोजमधील सोयीबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ती सिट्रिक्स या सॉफ्टवेअर कंपनीची देणगी होय. सिट्रिक्सने विंडोज एनटीच्या मूळ संकेतावलीचा परवाना घेऊन १९९५ च्या सुमारास विनफ्रेम हे उत्पादन काढले. एकाच यंत्रावर अनेकांना स्वतंत्र सत्र देणारे त्यातील मल्टिविन तंत्र १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने परवान्याने घेतले, आणि १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली. दुसरे मत तारेवरून जाणारी पाकिटे (माहितीचे तुकडे) पाहते. सिट्रिक्सचा आयसीए हा प्रोटोकॉल (यंत्रांच्या संवादाचे नियम) मायक्रोसॉफ्टने घेतला नाही. मायक्रोसॉफ्टचा आरडीपी हा दूरस्थ डेस्कटॉपचा प्रोटोकॉल बेतला गेला तो आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या टी.१२० या मानकमालिकेवर, विशेषतः टी.१२८ वर; ही मानके मुळात दूर बसलेल्यांच्या बैठकींसाठी होती. जोडणी होतानाच्या पाकिटांत आजही त्या मालिकेतील टी.१२५ ची रचना दिसते आणि मुख्य वाहिनीचा क्रमांक १००३ असतो. सत्रे सिट्रिक्सकडून आणि भाषा दूरसंचार संघाकडून असे म्हटले की दोन्ही मते एकत्र नांदतात. दोष शोधणाऱ्याला मात्र दुसरे मत जास्त कामाचे आहे. छपाई, आवाज आणि क्लिपबोर्ड यांच्या आभासी वाहिन्या वेगळ्या असतात, म्हणून पडदा ठणठणीत दिसत असताना प्रिंटर मेलेला असू शकतो. कॉपी केलेले पलीकडे उमटत नसेल तर दूरच्या यंत्रावर आरडीपीक्लिप ही प्रक्रिया बंद करून पुन्हा सुरू करणे पुरते. अख्खे यंत्र रीस्टार्ट करण्याची सवय उगीचच पडलेली आहे.

विंडोज एक्सपी प्रोफेशनलबरोबर २००१ मध्ये ही सोय साध्या संगणकावर आली. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेतील व्हीएनसी हे याच कामाचे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये सर्वांना खुले झाले होते. त्याच्या आरएफबी प्रोटोकॉलचे अधिकृत वर्णन आरएफसी ६१४३ या इंटरनेटविषयक दस्तऐवजात २०११ मध्ये आले.

पत्ता : खासगी जाळ्यांसाठी आरएफसी १९१८ ने (१९९६) १०.०.०.० पासूनचा, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ आणि १९२.१६८.०.० पासूनचा असे तीन पट्टे राखून ठेवले. राउटर विकत घेताना तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ यावर लावलेला मिळतो आणि तो बदलायचे कोणाच्या मनात येत नाही. यातून होणारा घोटाळा असा : शहाद्यातील जिनिंगच्या कार्यालयात हिशेबाचा संगणक १९२.१६८.१.१० वर आहे, धुळ्यातील सल्लागाराचा प्रिंटरही नेमका १९२.१६८.१.१० वर. व्हीपीएन (दोन जाळ्यांना इंटरनेटवरून जोडणारा खासगी बोगदा) जोडलेले आहे, हिरवा दिवा लागलेला आहे, पण सल्लागाराचा संगणक तो पत्ता घरातलाच समजतो आणि हाक प्रिंटरला जाते. पिंगला (यंत्र जागे आहे का हे विचारणाऱ्या हाकेला) उत्तरही मिळते, ते प्रिंटरचे. जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्राची २० तारीख तोंडावर असताना हे कळायला दोन तास जाऊ शकतात. एका टोकाचा पट्टा १९२.१६८.५७ असा कुठलाही अपरिचित करणे हाच खरा उपाय. बाकीचे सगळे ठिगळ होय. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ यांपैकी पत्ता असेल तर ग्राहक सेवादात्याच्या सामायिक पत्त्यामागे आहे. मोबाईल डोंगलवर चालणाऱ्या सातपुड्याकडच्या कार्यालयांत हे विशेष पाहावे. तेथे राउटरवर द्वार (पोर्ट) उघडून काही साधत नाही, व्हीपीएनची हाक आतून बाहेर जायला हवी.

रिंग : आरडीपीचे द्वार ३३८९. हे टीसीपी या वाहतूक पद्धतीवर असते, २०१२ च्या ८.० आवृत्तीपासून यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवरही. पिंग लागत नाही म्हणून यंत्र बंद आहे असे समजू नये, फायरवॉल (येणाऱ्या पाकिटांवरचा पहारा) पिंग अडवते. पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या आज्ञेने थेट ३३८९ तपासावे. तत्काळ नकार आला तर यंत्र जागे आहे पण सेवा ऐकत नाही. नुसती शांतता असेल तर पाकीट वाटेत गिळले गेले, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पण विंडोजची फायरवॉल चालू असताना रिकामे द्वारही गप्पच राहते, म्हणून शांततेवरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नये.

लाईट जाणे हा या भागातील स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. वीज परत येते तेव्हा राउटर आपोआप उठतो, संगणक उठत नाही. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ मांडणीत) वीज आल्यावर सुरू होण्याचा पर्याय लावलेला असावा लागतो. राउटर नव्याने पत्ते वाटतो आणि कालचा .१० आज .१४ होतो, म्हणून हिशेबाच्या यंत्राचा पत्ता राउटरमध्येच राखून ठेवावा. कधी विंडोज त्याच जाळ्याला अनोळखी समजून ‘सार्वजनिक’ गटात टाकते. फायरवॉलचा नियम ‘खासगी’ गटापुरता केलेला असेल तर रिंग तेथेच थांबते. मदरबोर्डवरील सेल संपलेला असेल तर घड्याळ मागे पडते. डोमेनमध्ये (जेथे सगळी खाती एका सर्व्हरकडून सांभाळली जातात) कर्बेरॉस ही ओळख पटवणारी पद्धत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक सहसा चालवून घेत नाही, पण पडद्यावर येणारा संदेश घड्याळाचे नाव घेईलच असे नाही.

ओळख : होम आवृत्तीचे विंडोज दुसऱ्याकडे जाऊ शकते, कोणाला आत घेत नाही. पासवर्ड न ठेवलेल्या खात्याला जाळ्यावरून प्रवेश नसतो, आणि रोज वापरायचा चार आकडी पिन येथे चालत नाही. ही दोन कारणे किरकोळ वाटतात म्हणूनच शेवटी तपासली जातात. मार्च २०१८ मध्ये क्रेडएसएसपी या ओळख पलीकडे पोहोचवणाऱ्या घटकातील दोषाची दुरुस्ती आली आणि मेमध्ये तिची सक्ती वाढली. तेव्हापासून जोडू पाहणारे यंत्र अद्ययावत व पलीकडचे जुने असेल तर जोडणी नाकारली जाते. इलाज जुने यंत्र अद्ययावत करण्याचा. विंडोजच्या नोंदवहीत (रजिस्ट्रीत) बदल करून तपासणी सैल करण्याचा सल्ला दिला जातो, तो घेऊ नये. ३३८९ थेट इंटरनेटवर उघडणे तर त्याहून वाईट. मे २०१९ मध्ये उघड झालेला ब्लूकीप हा दोष पासवर्डपर्यंत पोहोचण्याआधीच वापरता येत होता, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक्सपीलाही दुरुस्ती दिली.

साध्या विंडोजवर एका वेळी एकच सत्र चालते. सल्लागार आत शिरला की तिकडे मुनीमजींचा पडदा कुलूपबंद होतो आणि लगेच फोन येतो, ‘भाऊ, माझं टॅली कुठं गेलं?’ टॅली तिथेच, उघडेच असते. सर्व्हर आवृत्तीत व्यवस्थापनासाठी दोन सत्रे मिळतात; अधिक हवी असल्यास परवाने लागतात, आणि त्यांचा सवलतीचा काळ १२० दिवसांचा असतो.

काळा पडदा : पासवर्ड स्वीकारला जातो, मग पडदा काळाच राहतो. व्हीपीएनवर याचे एक कारण पाकिटाचा आकार असते. इथरनेटवर १५०० बाइट मावतात, वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्यात बहुधा १४२०. पाकीट तोडू नये अशी अट घालून १४७२ बाइटचा पिंग पाठवावा (शीर्षकांचे २८ धरून १५००). तो अडतो आणि लहान जातो असे दिसल्यास बोगद्याचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) उतरवत न्यावा. यूडीपी बंद करून पाहणे हाही झटपट प्रयोग आहे.

मॅकवरील अंगभूत पडदा-सहभाग व्हीएनसीच्या ५९०० या द्वारावर चालतो. लिनक्सवर एक्सआरडीपी ३३८९ वरच ऐकते.