७५ लाखांचा भुंगा

परवा मोहोळजवळ बहिणीच्या शेतावर गेलो होतो, तर भाचा प्लास्टिकचा डबा घेऊन पळत आला. "मामा, ह्याला ७५ लाख येतंय म्हणं!" डब्यात काळा चकचकीत भुंगा, रात्री अंगणातल्या बल्बखाली सापडलेला, आणि मोबाईलवर तसल्याच भुंग्याचं रील चालू.

त्याच्याकडचा गेंड्या भुंगा होता. डोक्यावर मागं वळलेलं एकच शिंग, अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. रीलमधला होता स्टॅग बीटल, त्याला सांबराच्या शिंगांसारखे दोन फाटे असतात पण ते असतात जबडे, नर त्यांनी कुस्ती खेळतात आणि समोरच्याला उचलून फेकतात. हे ओल्या जंगलातले, आपल्या माळरानावरचे नव्हेत.

७५ लाखांची बातमी २०२४ ला सगळीकडं फिरली, पण बाजार त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. जपानमध्ये बीटल पाळायचा नाद जुना, १९९९ ला परदेशी बीटल आणायची परवानगी मिळाली आणि मग ते लाखोंनी यायला लागले. आता फेसबुक, इन्स्टावर फोटो टाकायचा, लांबी मिलिमीटरमध्ये सांगायची, रेट डीएममध्ये. प्राणी पाळलेला की जंगलातून उचललेला, हे फोटोवरनं कुणालाच कळत नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती ह्याचीच वाटते.

कारण लांबीला भाव आहे, आणि लांबी ठरते अळीच्या खाण्यावर. अळी कुजक्या लाकडात राहते, युरोपातल्या स्टॅग बीटलची तर ३ ते ७ वर्षं, आणि बाहेर येऊन उडणारा भुंगा जगतो फक्त काही आठवडे. म्हणजे मोठा नर हवा तर जुना, जाड, नीट कुजलेला ओंडका हवा. गोळा करणारे तोच ओंडका कुऱ्हाडीनं फोडतात, मग त्यात वाढणाऱ्या पुढच्या चार-पाच वर्षांच्या पिढ्या एका दुपारी संपतात. मादी अंडी घालायच्या आधी उचलली तर तेही गेलं.

२००८ ला दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला नॅशनल पार्कच्या भागात कीटक गोळा करताना दोन चेक नागरिक पकडले गेले, कोर्टानं दोषी ठरवलं. बोलिव्हियातला सैतान बीटल २०१० पासून साइट्स करारात, म्हणजे वन्यजीवांच्या देशोदेशीच्या व्यापारावरच्या करारात आहे, परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातसुद्धा भुंग्यांची नावं आहेत, हे लोकांना माहीतच नसतं.

भाच्याला एवढं सगळं सांगितलं नाही. लहानपणी आम्हीपण बाभळीवरचे सोनकिडे काडेपेटीत ठेवायचो, पाला घालायचो, सकाळी आत तांदळाच्या दाण्यासारखी अंडी दिसायची. ती जमिनीत पडायला हवी होती, अळ्या मुळं खाऊन मातीतच वाढतात, हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही.

अंधार पडल्यावर डबा उघडला. भुंगा भाच्याच्या मनगटावर चढला, पायाचे काटे टोचले तसा तो ओरडला पण हात झटकला नाही. भुंग्यानं पोट चारपाच वेळा वरखाली केलं, कवच उघडलं आणि घर्रर्र करत उकिरड्याकडं गेला.