दोन सनी बॉय विल्यमसन, आणि वयाने मोठा असलेला ‘दुसरा’

पहिला बाजीराव आणि दुसरा बाजीराव म्हटलं की आपल्याला नातं विचारावं लागत नाही. आजोबा आणि नातू. याच सवयीने माणूस ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या, जुन्या तबकड्यांकडे वळतो, ‘सनी बॉय विल्यमसन पहिला’ आणि ‘दुसरा’ अशी दोन माउथ ऑर्गनवाल्या गायकांची नावं वाचतो, आणि दुसरा हा पहिल्याचा मुलगा, निदान शिष्य तरी असणार असं धरून चालतो. दोघांत कसलंही नातं नव्हतं. पहिला १९१४ चा. दुसऱ्याचं जन्मसाल कुणी १८९७ देतं, कुणी १८९९, कुणी १९०८, कुणी १९१२. यातलं कुठलंही धरा, मोठा दुसराच ठरतो.

म्हणून मी आकडे वापरतच नाही. पहिला तो जॉन ली, दुसरा तो राइस मिलर. तुम्हीही हीच नावं वापरा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

राइस मिलर तुम्हाला माहीत आहे. उंच, वाळका, डोक्यावर बोलर हॅट, १९६३ मध्ये युरोपचा दौरा, इंग्लंडात यार्डबर्ड्स या रॉक बँडच्या पोरांना साथीला घेऊन वाजवलेला. ‘हेल्प मी’ हे गाणं त्याचंच. माउथ ऑर्गनच्या नादाला लागलेला प्रत्येक जण इथूनच आत येतो, त्यामुळे त्याच्याबद्दल फार सांगत नाही.

जॉन ली मात्र बाजूला पडतो. टेनेसीतल्या जॅक्सनजवळचा हा मुलगा शिकागोत आला आणि मे १९३७ मध्ये इलिनॉयमधल्या ऑरोरा गावच्या लेलंड हॉटेलात त्याने ब्लूबर्डसाठी पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं. ब्लूबर्ड हे आरसीए व्हिक्टर या तबकडी कंपनीचं स्वस्तातलं लेबल. ‘गुड मॉर्निंग, स्कूल गर्ल’ त्याच दिवसाचं. गाण्याची एक ओळ, लगेच माउथ ऑर्गनचं उत्तर, पुन्हा ओळ. बाजा (माउथ ऑर्गनला मी बाजाच म्हणतो) असा गायकाच्या बरोबरीने बोलतो, हे शिकागोच्या ब्लूजला त्याच्यामुळे अंगवळणी पडलं. पेटीवर मींड निघत नाही असं आपण लहानपणापासून ऐकतो. माउथ ऑर्गनमध्येही तशीच धातूची रीड असते, पण ती ओठांपाशी येते आणि श्वास आत ओढताना तोंडाच्या पोकळीचा आकार बदलला की तिचा स्वर खाली वाकतो. सी पट्टीचा बाजा घेऊन जी पट्टीत वाजवायचं, म्हणजे महत्त्वाचे स्वर ओढीच्या श्वासावर येतात आणि वाकवता येतात. जॉन लीच्या तबकड्या ही वाकवणी ऐकण्यासाठी घ्याव्यात.

आता खरी अडचण. दोघांच्या कारकिर्दी एकामागून एक झाल्या असत्या, तर प्रश्नच नव्हता. पण १९४१ ते १९४८ या काळात दोघंही जिवंत होते, दोघंही वाजवत होते, आणि दोघंही सनी बॉय विल्यमसनच होते. जॉन ली शिकागोत, तबकड्यांवर. राइस मिलर आर्कान्सामधल्या हेलेनात, रेडिओवर. २१ नोव्हेंबर १९४१ ला केएफएफए केंद्रावर ‘किंग बिस्किट टाइम’ सुरू झालं. एका किराणा कंपनीचं पीठ खपवण्यासाठीचा हा कार्यक्रम, गिटारला रॉबर्ट लॉकवुड. दुपारच्या सुट्टीत मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांवरचे मजूर तो ऐकायचे. पुढे मक्याच्या पिठाच्या पिशवीवर ‘सनी बॉय’ हे नाव आणि राइस मिलरचं चित्रही आलं. त्या काळची ७८ ची तबकडी साध्या कागदी पाकिटात मिळायची, तिच्यावर कलाकाराचा फोटो नसे. रेडिओत तर चेहरा दिसण्याचा प्रश्नच नाही. ऐकणाऱ्याने संशय घ्यावा तरी कशावरून? राइस मिलर मात्र शेवटपर्यंत ‘खरा सनी बॉय मीच’ असं सांगत राहिला.

आणि या सगळ्या वर्षांत राइस मिलरची एकही तबकडी निघालेली नव्हती. त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण १९५१ चं, मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या ट्रम्पेट नावाच्या तबकडी कंपनीसाठी. (दोघांच्या गोष्टीत दोन वेगळी जॅक्सन आहेत, याला माझा इलाज नाही.)

म्हणून जुन्या वादकाची आठवण वाचताना एवढंच विचारा: रेडिओ की तबकडी? १९४८ मध्ये तरुण बी. बी. किंग, पुढे ब्लूजचा नामवंत गिटारवाला झालेला, वेस्ट मेम्फिसच्या रेडिओ केंद्रावर सनी बॉयकडे गेला आणि गाण्याची संधी मागितली. तो राइस मिलर. त्याच वर्षी शिकागोत बारा वर्षांचा बिली बॉय आर्नल्ड, पुढे स्वतःही माउथ ऑर्गनवाला झालेला, सनी बॉयच्या दारात शिकायला उभा राहिला. तो जॉन ली. काही दिवसांतच, १ जून १९४८ ला, कार्यक्रमाहून घरी परतताना जॉन लीला लुटारूंनी मारलं. तो चौतीस वर्षांचा होता.

कानाने ओळखणंही जमतं. जॉन लीची जीभ गाताना जराशी जड वाटते, शब्द एकमेकांत मिसळतात. राइस मिलर गोष्ट सांगितल्यासारखा कोरड्या आवाजात गातो आणि दोन वाक्यांमध्ये जागा सोडतो. फक्त ‘विजेची गिटार ऐकू आली म्हणजे दुसरा’ हा नियम लावू नका. जॉन लीच्या १९४६-४७ च्या तबकड्यांवरही ती आहे, ड्रमही आहेत.

मला सगळ्यात राग येतो तो फोटोचा. ब्लूबर्डची गाणी आणि वर बोलर हॅटवाल्याचं चित्र, असा संग्रह मीही एकदा पैसे मोजून घेतला. ज्या माणसाचं नाव आधीच दुसऱ्याने घेतलं, त्याचा चेहराही पुसायचा, हे मला सहन होत नाही. ऑनलाइन तर दोघांची गाणी सर्रास एकाच पानावर सापडतात. तिथे वर्ष बघा. १९४७ पर्यंतचं सगळं जॉन लीचं, १९५१ पासूनचं सगळं राइस मिलरचं. वर्ष दिलेलं नसेल तर लेबल बघा: ब्लूबर्ड किंवा व्हिक्टर असेल तर जॉन ली, ट्रम्पेट, चेकर किंवा चेस असेल तर राइस मिलर. राइस मिलरचं एकच काही ऐकायचं असेल तर चेकरच्या आधी ट्रम्पेटचं ‘माइटी लाँग टाइम’ लावा. त्यात बास वाद्य नाही, एक गायक तोंडानेच बासचे स्वर धरतो आणि त्यावर बाजा संथ चालत राहतो.