गायरान कसणाऱ्यांचा कागद

मराठवाड्यातल्या गायरानाच्या, म्हणजे गावच्या चराऊ सरकारी जमिनीच्या भांडणात चाऱ्यापेक्षा गावकीचा इतिहास जास्त आहे. निजामी राजवटीत महारकी म्हणजे सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरे ओढायची, आणि त्यावर बलुतं मिळायचं. मकरणपूरला (ता. कन्नड) 1938 मध्ये आणि कसबे तडवळ्याला 1941 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत परिषदा झाल्या. तडवळ्याची तर महार-मांग वतनदारांचीच होती. 1956 च्या धर्मांतरानंतर पुष्कळांनी गावकीची कामे टाकली. काम टाकले की बलुतं बंद. मग पोटासाठी गावच्या त्याच बड्या लोकांच्या वाड्यावर सालगडी राहायचे, तर सुटका कसली? आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालचे 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह इथूनच निघाले. मागणी साधी: पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे करा.

28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. खरी मेख पुराव्यात आहे. तलाठ्याकडे गाव नमुना 1-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही असते. तिथे नाव, गट नंबर, क्षेत्र आणि वर्ष लागले पाहिजे. त्या जोडीला पंचनामा, पहाणीपत्रकातला पीकपेरा (शेतात कोणते पीक आहे याची नोंद) आणि दंडाची पावती. सरकारने शिक्षा म्हणून फाडलेली ही पावतीच पुढे कसणाऱ्याचा सगळ्यात भक्कम आधार ठरते, म्हणून जुने कार्यकर्ते सांगायचे, दंड भरा, पण पावती घेतल्याशिवाय हलू नका.

गाडे अडते ते बहुतेक इथेच. नोंद गावातूनच व्हायची, आणि गावात वजन कुणाचे हे सांगायला नको. तूर-ज्वारी उभी असताना रकान्यात 'पड' लिहिले जाते. उभ्या पिकात जनावरे सोडली की कापणीही नाही आणि पंचनाम्यात पीकही नाही. कसणारा वारला आणि मुलांनी वारसांची नावे लावून घेतली नाहीत, तर जुनी नोंद हाती असून साखळी तुटते. पट्टा, म्हणजे जमीन नावे झाल्याचा सरकारी कागद, मिळाला तरी जमीन भोगवटादार वर्ग 2 राहते; परवानगीशिवाय विकता येत नाही. सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून ही अट असलेली बरी.

सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितली, पण शासन निर्णयाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला. 2022 च्या अखेरीस अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या तेव्हा पट्टेवाल्यांना हा अपवाद दाखवता आला. नुसत्या पावत्यांवर बसलेल्यांना तोही नव्हता.